जप्त केलेली ध्वनिफीत

आमच्याकडे मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला म्हणजे घराघरांत दोन कामे निघतात. एक, पावसापूर्वी नळे परतणे. आणि दुसरे, माळ्यावरची अडगळ खाली उतरवून तिच्यातील काय ठेवावे आणि काय टाकावे यावरून घरातील माणसांनी एकमेकांशी वाद घालणे. कोरगावातील आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या मे महिन्यात असाच रिकामा करीत असता माझी एक पत्र्याची पेटी खाली आली. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांतील टाचणवह्या, जुनी क्रमिक पुस्तके, निरोप समारंभात मिळालेली दोन पेने, असा त्या पेटीतला ऐवज. सगळ्यात खाली, एका खाकी पाकिटात, एक ध्वनिफीत निघाली. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘दहावी, शेवटचा बाक. १९९४.’

ती मी जप्त केलेली वस्तू होती, आणि ज्याची होती त्याला मी ती परत केलेली नव्हती.

त्या वेळी मी तालुक्यातील एका सरकारी माध्यमिक विद्यालयात मराठीचा शिक्षक होतो. नोकरीस लागून दोनच वर्षे झाली होती. एम. ए.ची पदवी नवी, शिस्तीची हौसही नवी. दहावीच्या वर्गावर तुकोबांचा अभंग शिकवीत होतो आणि तो मन लावून शिकवीत होतो, असे आजही प्रामाणिकपणे वाटते. एवढ्यात शेवटच्या बाकावरून बोटांचा ठेका ऐकू येऊ लागला. हरमलचा एक मुलगा मान खाली घालून बाकावर ताल धरून बसला होता. त्याच्या दप्तरात ही ध्वनिफीत सापडली. आतील कागदावर त्याने निळ्या बॉलपेनने चित्र काढले होते. एक माणूस दोन्ही पाय फाकवून, कमरेत वाकून, काहीतरी जमिनीवर आपटीत आहे. मला तो कुऱ्हाडीने ओंडका फोडणारा लाकूडतोड्या वाटला. चित्राखाली इंग्रजीत चार-दोन शब्द होते. ती परदेशी गाणी आहेत एवढे कळल्यावर अधिक चौकशी करण्याची गरज मला वाटली नाही. ‘वडिलांना घेऊन ये, मग मिळेल,’ असे सांगून मी ती खिशात टाकली.

त्याचे वडील रापणीवर जाणारे. ते आले नाहीत. मुलाने दोनदा येऊन विचारले. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तो आला नाही, आणि त्याचे न येणे हा मी शिस्तीचा विजय मानला. तो दहावी जेमतेम उत्तीर्ण झाला आणि पुढे शिकला नाही. त्याचे कारण ती ध्वनिफीत होती असे समजण्याइतका मी स्वतःला महत्त्वाचा मानीत नाही. पण पेटीतून ते पाकीट निघाले तेव्हा मला त्या मुलाचा चेहरा लख्ख आठवला, आणि त्या दिवशी शिकवलेला अभंग कोणता हे मात्र काही केल्या आठवेना.

माझ्या त्या वेळच्या वृत्तीला थोडी पार्श्वभूमी आहे. ती सांगतो, सबब म्हणून नव्हे. आमचे कोरगाव आणि समुद्रकाठचे हरमल ही एकमेकांची शेजारी. साठीचे दशक संपता संपता कळंगुट, हणजूण, वागातोर या किनाऱ्यांवर युरोप-अमेरिकेतील तरुण मंडळी येऊन राहू लागली. तिकडे गर्दी वाढली तशी त्यांतली काही, पूल होण्यापूर्वीच्या त्या काळात, शिवोलीहून फेरीबोटीने चोपड्यास उतरून आमच्या पेडणे तालुक्यात शिरली आणि हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी, वडाच्या झाडाखाली मुक्काम करू लागली. लहानपणी आम्ही मुले त्यांना पाहावयास जात असू. वाढलेले केस, अनवाणी पाय, उघडे अंग. माझी आजी त्यांना पाहून फक्त एवढेच म्हणे, ‘कुणाची रे ही लेकरे? यांच्या आया वाट पाहत असतील.’ वडीलधाऱ्या पुरुषांचे मत याहून कडक होते, आणि मी वाढलो तो पुरुषांच्या मतावर. गांजा, नागडेपणा आणि गिटार या तीन गोष्टी आमच्या घरात एका दमात उच्चारल्या जात. देवळातील भजनी सप्ताह, जत्रेतले दशावतार, उत्सवातील संगीत नाटके आणि आकाशवाणीवरील नाट्यगीते हे आमचे संगीत. आणि रात्री वाऱ्यावर हरमलच्या दिशेने जे ऐकू येई तो गोंगाट. पंडित जितेंद्र अभिषेकी आमच्या मंगेशीचे, रामदास कामत म्हापशाचे. ज्या भूमीत असे सूर उगवले तिथे या परक्या आरडाओरड्याचे काय काम, असे मी शिक्षक झाल्यावरही म्हणत असे.

असो. ध्वनिफीत सापडली, पण ती वाजवावी कशावर? घरातील यंत्र केव्हाच निकामी झालेले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास गेलो असता एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे ते दिले. त्याने आतील रबरी पट्टा बदलला, स्पिरिटच्या बोळ्याने ध्वनिशीर्ष पुसून दिले आणि फितीवरची बुरशी पाहून म्हणाला, ‘मास्तर, आधी पेन्सिल घालून दोनदा इकडून तिकडे फिरवा, मगच लावा.’ तीस वर्षांनंतर मी पुन्हा पेन्सिलीने ध्वनिफीत फिरवीत बसलो. ज्यांनी ते काम कधी केले आहे त्यांना त्या बसण्यातील समाधी सांगावयास नको.

पहिल्या ऐकण्यात मला काहीही कळले नाही, हे कबूल करतो. गिटारचे ठोके, ढोलावरचा मारा आणि एका माणसाचे घसा ताणून ओरडणे. शब्द तर मुळीच लागेनात. परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, केवळ प्रायश्चित्त म्हणून; आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्या ओरडण्यात एक घाई आहे, निकडीचा निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या बोलण्यात असते तशी. बंगळुरास नोकरी करणारा माझा पुतण्या सुटीवर घरी आला होता. त्याने दोन मिनिटे ऐकून सांगितले, ‘काका, हा क्लॅश. लंडन कॉलिंग.’ आणि त्याने आपल्या दूरध्वनीवर मूळ तबकडीचे वेष्टन मला दाखविले.

तो लाकूडतोड्या नव्हता. तो पॉल सिमोनन नावाचा वादक होता. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात, कार्यक्रम मनासारखा रंगेना म्हणून संतापून, आपली बेस गिटार रंगमंचावर आपटीत असलेला. पेनी स्मिथ या छायाचित्रकार बाईंनी ते टिपले. चित्र नीट स्पष्ट आले नाही म्हणून ते वेष्टनावर घेऊ नये असे त्यांचेच मत होते. संचाने ऐकले नाही. १९५६ सालच्या एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीवर जशी गुलाबी आणि हिरवी अक्षरे होती, मुद्दाम तशीच अक्षरे या चित्राभोवती बसविली. ते मोडलेले वाद्य पुढे संग्रहालयात प्रदर्शनास ठेवले गेले. आणि हरमलच्या एका शाळकरी पोराने त्याच चित्राची बॉलपेनने नक्कल केली होती, जी मी गुन्ह्याचा पुरावा म्हणून जपून ठेवली.

‘लंडन कॉलिंग’ हा संग्रह इंग्लंडमध्ये डिसेंबर १९७९ मध्ये निघाला. दोन तबकड्या, एकोणीस गाणी, आणि किंमत मात्र एका तबकडीची. तसा त्या संचाचा आग्रह होता. नाव घेतले ते बी.बी.सी.च्या युद्धकाळातील उद्घोषणेवरून. महायुद्धात ज्या शब्दांनी लंडनचे केंद्र जगाला हाक मारी, त्याच शब्दांनी ही मुले जगाला हाक मारीत होती. पण सांगत होती ते पुराचे भय, अणुभट्टीतील अपघात आणि बेकारीचे दिवस. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. एक गाणे स्पेनच्या यादवी युद्धावर आहे. काही गाण्यांचा ताल जमैकाचा. तो लंडनच्या ब्रिक्स्टन भागात वसलेल्या कॅरिबियन कुटुंबांबरोबर आला आणि शेजारच्या गोऱ्या मुलांनी तो उचलला. या मासिकाच्या वाचकांना यात नवल वाटू नये. तुमची घरे पिढ्यान्पिढ्या बडोद्यास, इंदुरास, तंजावरास नांदत आली आहेत. तंजावरच्या मठांत मराठी अभंगाने कर्नाटकी राग कसे आपलेसे केले हे तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. शेजारी राहिले म्हणजे सूर भिंतीवरून उडी मारतातच.

त्यांचा मुख्य गायक जो स्ट्रमर. मूळ नाव जॉन मेलर. वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत, आणि त्यांचा जन्म आपल्या लखनौचा. मुलगा जन्मला तुर्कस्तानात अंकारा येथे, १९५२ साली, आणि वाढला वसतिगृहाच्या शाळेत. २००२ च्या डिसेंबरात तो वारला. त्याचे गाणे ऐकताना मला सारखे वाटत राहिले, हा मुलगा माझ्या वर्गात असता तर कोणत्या बाकावर बसला असता? उत्तर सोपे होते.

यानंतरचा सगळा पावसाळा मी त्या दशकातील संग्रह ऐकण्यात घालविला. पुतण्याने यादी करून दिली होती. शाळा सुटल्यावर, चहा झाल्यावर, दिवसाला एक संग्रह. तोही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता. ही अट मी स्वतःच घातली, कारण दीर्घवादी तबकडीचा मर्मच मुळी तो आहे. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-चार मिनिटांपलीकडे काही मावत नसे. १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी तबकडी अमेरिकेत आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांची सलग जागा मिळाली. आपल्याकडे नाट्यगीते आणि भावगीते अशा तबकड्यांवर आली ती बहुधा सुटी फुले एका परडीत ठेवावीत तशी. पाश्चात्त्य रॉक संगीतातील मंडळींनी मात्र साठीच्या उत्तरार्धात आणि सत्तरीत त्या जागेत आरंभ, मध्य आणि अंत असलेली रचना बांधावयास घेतली. आमच्या परिभाषेत बोलायचे तर स्फुटाकडून खंडकाव्याकडे जावे तसे ते झाले.

याचा उत्तम नमुना म्हणजे पिंक फ्लॉइड या संचाचा १९७३ चा ‘डार्क साइड ऑफ द मून’. वेष्टनावर आमच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असतो तो काचेचा लोलक आणि त्यातून फुटणारे रंग. आरंभी हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि शेवटीही तेच. मध्ये काळ, पैसा, वेड, मरण. एका गाण्याआधी अनेक घड्याळे एकदम वाजू लागतात. ती एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून ध्वनिमुद्रित केलेली. अमेरिकेतील खपाच्या यादीत हा संग्रह १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. पंधरा वर्षे माणसे एकच तबकडी विकत घेत राहतात, तेव्हा त्यांना तीत फक्त ठेका सापडत नसतो. बाहेर पाऊस कोसळत असता, वीज गेलेली असता, काळोखात मी तो संग्रह ऐकला आणि पुढे कितीतरी वेळ दिवा लावला नाही.

सगळेच आवडले असे नव्हे. त्या दशकातील काही दीर्घ रचना मला सरळ सरळ कंटाळवाण्या वाटल्या. वादकाला आपले कौशल्य थांबवावेसे वाटत नाही, आणि श्रोत्याला मात्र उठून जावेसे वाटते. मैफलीत असा प्रसंग आपल्याकडेही येतो. गंमत अशी की तिकडच्या तरुणांनाही नेमके तेच वाटले आणि त्या कंटाळ्यातूनच १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ जन्मास आले. न्यूयॉर्कच्या रामोन्स या चौकडीच्या १९७६ च्या पहिल्या संग्रहात चौदा गाणी, आणि सगळी मिळून अवघी एकोणतीस मिनिटे! तीन सूर येतात ना, मग झाले, उभे राहा आणि गा. अशी त्यांची भूमिका. सेक्स पिस्तुल्स या लंडनच्या संचाचा १९७७ चा संग्रह मी ऐकला. तो मला आवडला नाही. पण तो का निर्माण झाला ते कळले. या गाण्यांबरोबर मुलांनी टंकलिखित पानांच्या छायाप्रती काढून, टाचण्या मारून स्वतःची मासिके काढली. १९७६ साली लंडनमध्ये निघालेले ‘स्निफिन ग्लू’ हे त्यांतले प्रसिद्ध.

इथवर आलो आणि मला घाम फुटला. कारण हे सारे मला पाठ होते. फक्त ते मराठीत पाठ होते. ‘साठोत्तरी मराठी कवितेतील बंडखोरी’ या विषयावर मी एम. ए.च्या परीक्षेत पुरवणी घेऊन लिहिले आहे. चक्रमुद्रित पानांचे ‘शब्द’, अशोक शहाण्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’, राजा ढाल्यांचे ‘येरू’ ही लघुनियतकालिके. प्रस्थापित मासिकांच्या गुळगुळीत कागदाविरुद्ध त्यांनी उभारलेले बंड. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ घेऊन आलेले नामदेव ढसाळ आणि त्याच वर्षी स्थापन झालेली दलित पँथर. शिवीलाही काव्यात जागा असते, ओरडणे हाही एक छंद असू शकतो, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून सांगत असे. आणि तेच ओरडणे फितीवर बंद होऊन वर्गात आले तेव्हा मी त्याला खिशात घातले. छापील बंडखोरीला मी गुण देत होतो. बाकावर बसलेल्या बंडखोरीला मात्र वडिलांना घेऊन यावयास सांगत होतो.

आणि ते संगीत परके तरी कितीसे होते? क्वीन या संचाचा १९७५ चा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ हा गाजलेला संग्रह. त्यातील जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे आज जगभर लोकांना पाठ आहे. ते रचणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा फारुख बुलसारा. त्याचे शिक्षण झाले सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच तो पियानो वाजवी आणि तिथेच शाळकरी सोबत्यांना घेऊन त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला संच उभा केला. सह्याद्रीच्या धुक्यात, एका वसतिगृहाच्या सभागृहात! लेड झेपेलिन या संचाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईस आले असता त्यांनी आपली दोन गाणी तिथल्या वादकांना बरोबर घेऊन ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हावयास २०१५ उजाडले.

मराठी घरातील उदाहरण हवे असेल तर नंदू भेंडे यांचे घ्यावे. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा. म्हणजे रंगभूमीचे संस्कार घरातलेच. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतिकेचे प्रयोग केले, त्यात जूडासची भूमिका नंदू भेंड्यांनी गाऊन गाजविली. पुढे १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक ब्रेख्तचे. त्यातील अंकुश या गुंडाची भूमिका त्यांची. एका बाजूला लावणी, दुसऱ्या बाजूला नाट्यसंगीताची आठवण आणि मध्येच गिटार घेऊन उभा असलेला हा नायक. मराठीत रॉक गाता येते का, हा प्रश्न त्यांनी चर्चा न करता निकालात काढला. २०१४ साली ते निवर्तले. त्यांच्या बातम्या मी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. गाणे मात्र यंदाच मन लावून ऐकले.

आमच्या गोव्यापुरते म्हणाल तर त्याच काळात ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोकणी तबकड्या मुंबई-गोव्यातील ख्रिस्ती घरांत वाजत होत्या. जॅझच्या अंगाची ती गाणी, वादकही कसलेले. आमच्या हिंदू घरांत त्या शिरल्या नाहीत, हे आमचे नुकसान. दीर्घकाळ गप्प राहिलेली लोर्ना १९९५ मध्ये पुन्हा गावयास उभी राहिली, आणि पुढे ‘नाचूंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाने ती गाणी नव्या पिढीच्या ओठांवर आणली. जुन्या तबकड्यांकडे माणसे पुन्हा वळू लागली आहेत हे खरेच आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, तबकड्यांचा खप नगांच्या हिशेबात सीडींपेक्षा अधिक झाला.

पण मला सांगावयाचे आहे ते निराळेच. नव्वद मिनिटांच्या ध्वनिफितीवर पासष्ट मिनिटांचा संग्रह उतरवून घेतला म्हणजे प्रत्येक बाजूस दहा-बारा मिनिटे फीत उरते. मी दर वेळी संग्रह संपताच यंत्र बंद करीत असे. एके संध्याकाळी दाराशी कोणी आले म्हणून उठलो, बोलत उभा राहिलो, आणि दुसरी बाजू तशीच चालू राहिली. परत आलो तो आतून एका मुलाचा आवाज येत होता. घसा फुटण्याच्या वयातला, अर्धा बालिश, अर्धा पुरुषी. खाली कसल्यातरी पोकळ वस्तूवर ठेका. मला तो घुमटाचा वाटला. ठेका त्या क्लॅशच्या गाण्यांचा होता, तोच उतावळा, पुढे रेटणारा. आणि शब्द तुकोबांचे होते.

मी शिकविलेला अभंग मला आठवत नव्हता असे वर म्हटले. तो हा होता. मी वर्गात लावलेली चाल नव्हती. ज्या ओळीवर मी थांबून अर्थ सांगितला होता त्या ओळीवर तो पोरगा थांबत नव्हता, तिच्यावर तो दोनदा झडप घालीत होता. आणि खरे सांगायचे तर ती ओळ तशीच म्हणावयास हवी होती. तुकोबा तिथे समजावून सांगत नाहीत, भांडतात. एम. ए.ला मी तुकारामाच्या ‘विठ्ठलाशी भांडणाऱ्या’ अभंगांवर टिपणे काढली होती. पण ते भांडण कानांनी प्रथम ऐकले ते या फितीवर. त्या दिवशी बाकावर चालला होता तो अभंगाचा अवमान नव्हता. अभंग त्याच्यापर्यंत पोहोचला होता, आणि पोहोचल्याची पावती तो बोटांनी देत होता.

अरुण कोलटकर या कवीची आठवण मला त्या वेळी झाली. ‘जेजुरी’ १९७६ ची, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह १९७७ चा. दोन्ही आम्ही अभ्यासक्रमात वाचलेले. मात्र चाळिशी गाठलेल्या या कवीने त्याच काळात अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकावयास घेतला होता, स्वतः इंग्रजी गाणी रचली होती आणि १९७३ मध्ये त्यांतली काही वादकांसह ध्वनिमुद्रितही केली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आणि तुकोबांचे अभंग रांगड्या, बोलभाषेच्या इंग्रजीत नेणाराही हाच. पखवाज, तुकाराम आणि अमेरिकन ब्लूज एका माणसाच्या अंगात सुखाने नांदू शकतात हे कोलटकरांच्या बाबतीत आम्ही प्राध्यापकी कौतुकाने सांगतो. हरमलच्या पोराने कोलटकरांचे नावही ऐकले नसावे.

चवथ झाल्यानंतरच्या रविवारी मी हरमलला गेलो. तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. वडिलोपार्जित घराला लागून चार खोल्या बांधल्या आहेत, हंगामात परदेशी पाहुण्यांना देतो. त्या वेळी पावसामुळे त्या झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या. गावच्या भजनी मंडळात पखवाजाला बसतो असे कळले. मला पाहताच तो लगबगीने उठला, खुर्ची पुसली, ‘सर, बसा, बसा’ म्हणाला. दोन मिनिटे पावसापाण्याचे बोलणे झाले. मग मी खिशातून ते खाकी पाकीट काढून त्याच्यापुढे धरले. क्षमेचे जे वाक्य मी स्कूटरवरून येताना जुळवून ठेवले होते ते काही तोंडातून बाहेर आले नाही. मी फक्त म्हटले, ‘तुझी वस्तू. उशीर झाला.’

त्याने पाकिटावरील माझे अक्षर वाचले, फीत बाहेर काढली, चित्र पाहून हसला. मग एकदम गंभीर होऊन त्याने कोकणीत विचारले, ‘सर, तुमी ती आयकली?’

‘ऐकली,’ मी म्हटले. ‘दोन्ही बाजू. शेवटपर्यंत.’

तो खाली पाहू लागला. मी त्या अभंगाविषयी बोललो, त्या ओळीवरील झडपेविषयी बोललो, आणि घुमटाचा हात फार सुरेख होता असेही म्हटले.

‘घुमट कुठले, सर? रात्री घुमट वाजवला तर बाबा उठले असते. तेलाचा रिकामा डबा होता. वर टॉवेल टाकून.’

यंत्र मी पिशवीतून बरोबर नेलेच होते. ते पडवीतल्या सोप्यावर ठेवले. त्याने दुसरी बाजू लावली आणि कळ दाबून फीत पुढे पळविली. कुठे थांबावे हे त्याच्या बोटांना आजही नेमके ठाऊक होते. बारावीत शिकणारी त्याची मुलगी दारात उभी राहून हा प्रकार कुतूहलाने पाहत होती. तिला त्याने सरांसाठी चहा टाक म्हणून आत पाठविले, आणि ती पुरती आत गेल्याची खात्री झाल्यावर मगच कळ दाबली.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा अभंग अर्ध्यावर आला होता. त्याने तो बंद केला नाही.